एक कण, दोन कामं

सकाळी ७.००

मे महिन्यात संभाजीनगरात उष्णतेचा प्रयोग करायचा तर उन्हाच्या आधी उठावं लागतं. अकरा वाजले की लॅबमध्ये ३५-३६ अंश सहज होतात. ज्या नमुन्याला मला ४२ पर्यंत न्यायचंय तो मग काहीच न करता निम्म्या वाटेवर येऊन बसतो, आणि त्या फुकटच्या अंशांचं श्रेय कुणाला द्यायचं हा हिशेब बिघडतो. म्हणून सातलाच कुलूप काढायचं, खिडक्या लावायच्या, पंखा बंद ठेवायचा (वाऱ्याने नमुना निवतो) आणि घाम पुसत बसायचं.

विषय असा आहे. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, आणि त्याचे १०-१२ नॅनोमीटरचे कण. इतक्या लहान कणाला बाहेरचा चुंबक दूर केला की चुंबकत्व टिकवता येत नाही, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होण्याची भीती कमी. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते तापतात. गाठीत सोडून ४२ ते ४६ अंशांवर ठेवले तर कर्करोगाच्या पेशी कमजोर होतात, रेडिएशन आणि केमो त्यांना अधिक लागू पडतात. आणि हाच कण एमआरआयमध्ये आपल्या भोवतालचं पाणी काळं करून स्वतःची जागा दाखवतो. एकाच कणाकडून निदान आणि उपचार: या विषयावरचे शोधनिबंध बहुतेक याच वाक्याने सुरू होतात. माझं म्हणणं एवढंच, की ते वाक्य लिहिणाऱ्याने एकदा सकाळी कण तापवावेत आणि त्याच रात्री तीच बाटली एमआरआयला न्यावी. आज माझा तसा दिवस आहे.

७.३०

यंत्राचं हृदय म्हणजे तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, कॉइल. नळीतून प्रचंड करंट जातो, म्हणून आतून सतत पाणी खेळवावं लागतं, नाहीतर कॉइलच आधी तापते. शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं, आणि आलं तरी ते इथे कामाचं नाही. क्षार धरून नळी आतून बुजते. म्हणून लॅबमध्ये दोन जार येतात, एक पिण्याचा आणि एक कॉइलचा. जारवाल्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, “मॅडम, मशीन बी आरोचंच पितं का?” पितं.

तापमान मोजायला काचेच्या तंतूचा, म्हणजे फायबर ऑप्टिक प्रोब. साधा थर्मोकपल धातूचा असतो, तो या क्षेत्रात स्वतःच तापतो. दूध किती तापलंय हे बघायला जाऊन पळीचा चटका मोजल्यासारखं होतं.

आधी नुसतं पाणी. छोट्या नळीत १ मिलिलिटर शुद्ध पाणी, भोवती थर्माकोल, कॉइल चालू. एम.एस्सी.ची मुलगी नोंदी घ्यायला बसलीय.

“ताई, यात तर कणच नाहीत.”

“म्हणूनच ठेवलंय. किती चढतंय ते लिही.”

दहा मिनिटांत पाणी थोडं वर येतंच. कॉइलची ऊब थर्माकोलमधूनही पोचते. हा चढ पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. निबंधांच्या ढिगात ही वजाबाकी केलेली आहे की नाही हे कुणी सहसा विचारत नाही, आणि मला वाटतं निम्मे चमत्कार तिथेच विरघळतील.

८.३०

आता खरा नमुना. १ मिलिलिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम कण. रंग कडक काळ्या चहाचा. फ्रिक्वेन्सी २६५ किलोहर्ट्‌झ, क्षेत्र मीटरला १३,३०० अँपिअर.

पहिल्या मिनिटात आकडा धावतो, मग धाप लागल्यासारखा रेंगाळतो. जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जाऊ लागली की आलेख आडवा पडतो. आज तो चाळिशी ओलांडायच्या आधीच आडवा झाला.

“ताई, गरम व्हायलंय का नाही?”

“व्हायलंय. पण पुरेसं नाही.”

नमुना निवू दिला आणि क्षेत्र दुप्पट केलं, २६,७०० अँपिअर. उष्णता साधारणपणे क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुपटीला चौपट. पाच-सात मिनिटांत ४५ पार. मुलगी खूश. हाच आलेख निबंधात टाकला तर संपादकही खूश होईल.

हिशेब शाळेतल्या कॅलरीमापीचाच आहे. चढ सेकंदाला ०.०३ अंश धरला, पाण्याचा विशिष्ट उष्मा ४.१८, गुणाकाराला ग्रॅमात कणांचं वजन म्हणजे ०.००५ ने भागलं की उत्तर येतं कणांच्या ग्रॅममागे २५ वॅट. याला एसएआर म्हणतात, आणि या विषयात बढाई मारायची ती याच आकड्यावर. पण कुठल्या क्षेत्रात, कुठल्या फ्रिक्वेन्सीला, हे शेजारी लिहिलं नसेल तर तो आकडा कापून फेकावा. याचं कारण मला दुपारी चिकलठाण्याला समजावून सांगता येईल, कारण तिथल्या काकांना ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

दुपारी १२.००

चिकलठाणा एमआयडीसीत एक लहानसं वर्कशॉप आहे. गिअर आणि शाफ्टचं इंडक्शन हार्डनिंग होतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग घडतात, त्यामुळे तांब्याची कॉइल वळणारे हात या शहरात मिळतात. हे भाग्य कित्येक मोठ्या संस्थांना नाही. माझ्या सुट्या कॉइलच्या जोडातून पाणी झिरपत होतं, ती डाग द्यायला दिली होती. पहिल्या दिवशीचा संवाद अजून आठवतो.

“किती डिग्रीला न्यायचंय माल?”

“बेचाळीस.”

“आठशे बेचाळीस?”

“नुसतं बेचाळीस, काका.”

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं होतं. आज मात्र त्यांनी स्वतःहून बोलावून शाफ्ट दाखवला. कॉइलमध्ये ठेवला, बटण दाबलं, काही सेकंदांत पृष्ठभाग लालबुंद झाला आणि वरून फवारा पडून वाफेचा ढग उठला. मधला गाभा तसाच राहिला. “फ्रिक्वेन्सी वाढवली की गरमी वरच्यावर राहती, कमी केली की आत जाती,” ते म्हणाले. “तुमच्या पेशंटला बी असंच होणार का?”

प्रश्न बरोबर वर्मावर होता. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात कुठल्याही वाहक वस्तूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. काकांना शाफ्टमध्ये तेच हवे असतात. माणसाचं शरीर म्हणजे खारं पाणी, म्हणजे तेही वाहक. तिथे ते प्रवाह आम्हाला अजिबात नको असतात, कारण ते गाठ सोडून निरोगी मांसही तापवतात. ही उष्णता क्षेत्र, फ्रिक्वेन्सी आणि त्या भागाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या वर्गाने वाढते. ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये माणसं धडाभोवतीच्या कॉइलमध्ये किती सहन करतात त्यावरून मर्यादा सुचवली: क्षेत्र गुणिले फ्रिक्वेन्सी ४८.५ कोटीच्या आत. पुढे हेर्ग्ट आणि डुट्झ यांनी २००७ मध्ये म्हटलं की शरीराचा लहान भाग असेल तर ५०० कोटीपर्यंत जाता येईल.

आता माझे सकाळचे आकडे गुणा. १३,३०० गुणिले २,६५,००० म्हणजे साधारण ३५० कोटी. सैल मर्यादेत बसतं, पण नमुना चाळिशीच्या अलीकडेच थांबला. २६,७०० चा गुणाकार ७०० कोटींच्या वर. म्हणजे ज्या आलेखाने आम्ही खूश झालो तो कुठल्याही माणसावर वापरता येणार नाही. काकांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, “म्हंजी कण बदला, मशीन नका वाढवू.” डाग दिलेल्या कॉइलचे त्यांनी या खेपेला पैसे घेतले नाहीत. सल्ल्याचे तर नाहीतच.

१.३०

डबा उघडला आणि गावाकडून मामांचा फोन. त्यांच्या शेजारणीला छातीत गाठ लागतेय, दोन महिने झाले.

“तुझं ते तापवायचं औषध निघालं का? तिला तिकडंच आणू म्हणतो.”

“मामा, माझं औषध नाही निघालं. अजून उंदरावरसुद्धा नाही. तिला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलला आणा. उद्याच आणा.”

“उद्या लग्न आहे.”

“मग परवा सकाळी. मी गेटवर उभी राहते.”

हे रुग्णालय २०१२ पासून चालू आहे आणि सगळ्या मराठवाड्याचे रुग्ण तिथे येतात. बेगमपुऱ्यातून लॅबला येताना मी घाटी दवाखान्यावरून त्याच रस्त्याने येते. माझ्या कामाबद्दल घरच्यांना काय सांगायचं याचा एक नियम केलाय: कल्पना जुनी आहे आणि औषध अजून नाही. शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसीका ग्रंथींतला कर्करोग चुंबकीय कणांनी तापवण्याची कल्पना १९५७ मध्येच मांडली होती.

दुपारी ३.००

बाहेर चाळीसच्या वर. आता उष्णतेचं काही मोजता येत नाही, म्हणून नवीन घाणा काढायचा.

फेरिक क्लोराइडचे पिवळट-तपकिरी खडे ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराइडचे फिकट हिरवे स्फटिक २ ग्रॅम. रेणूंच्या हिशेबात हे प्रमाण बरोबर २ ला १ पडतं, आणि मॅग्नेटाइटला तेच लागतं. पाण्यातून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन घालवायचा. तो राहिला तर फेरस लोखंड वाटेतच फेरिक होतं आणि काळ्याऐवजी तपकिरी माल हाती येतो. ८० अंशांवर ढवळत ढवळत अमोनिया. थेंब पडतो तिथे काळा डाग उठतो, फिरतो, आणि एका क्षणी सगळा चंबू शाईसारखा काळा होतो. हा क्षण कितीदाही बघितला तरी मी हातातलं काम सोडून बघतेच. अमोनियाने डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळं.

मग धुणं. चंबू जुन्या स्पीकरच्या चुंबकावर ठेवायचा. काळा गाळ तळाशी ओढला जातो, वरचं पाणी नितळ होतं, ते ओतून टाकायचं, नवीन घालायचं, सामू सातच्या आसपास येईतो हेच. आमचे लॅब असिस्टंट हे काम माझ्याहून शांतपणे करतात. शेवटी सायट्रिक ॲसिडचा लेप द्यायचा, म्हणजे कणांवर ऋण भार बसतो आणि ते एकमेकांना दूर ठेवून पाण्यात तरंगत राहतात. नुसते कण पाण्यात तासाभरात बसतात. रक्तात बसले तर काय होईल ते सांगायला नको.

आकार तपासायला एक्स-रे डिफ्रॅक्शन, चुंबकत्व मोजायला व्हीएसएम यंत्र, आणि कण डोळ्यांनी बघायचे तर टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना बाहेर पाठवून रांगेत थांबायचं.

या सगळ्यात आम्ही एकटे नाही. फेराइटवरच्या, म्हणजे मॅग्नेटाइटच्याच कुळातल्या पदार्थांवरच्या कामाची परंपरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जुनी आहे. प्रा. के. एम. जाधव यांच्या गटाने मॅग्नेशियम फेराइटच्या कणांवर ओलिइक ॲसिडचा लेप देऊन त्यांचं तापणं तपासलं, आणि २०२० च्या करोनाकाळात चुंबकीय कणांनी विषाणूचा आरएनए वेगळा काढण्याची पद्धतही मांडली. कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांचा गट, मुंबईत आयआयटीत प्रा. धीरेंद्र बहादूर यांचा गट, यांचे निबंध आमच्या टेबलावर कायम उघडे असतात.

संध्याकाळी ५.३०

रात्रीची तयारी. नमुन्यात खरोखर लोखंड किती हे आधी मोजायचं. थोडा नमुना ॲसिडमध्ये विरघळवून, फेरिकचं फेरस करून, ऑर्थो-फिनँथ्रोलिन घातलं की केशरी-लाल रंग येतो. रंग जितका गडद तितकं लोखंड जास्त. सकाळच्या नमुन्यात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम कण, त्यात लोखंड साधारण ३.६ मिलिग्रॅम.

एमआरआयसाठी हे फार झालं. तिथे मला सहा नळ्या हव्यात, सर्वांत दाट नळीतसुद्धा मिलिलिटरला फक्त २८ मायक्रोग्रॅम लोखंड. म्हणजे सकाळचा काळा चहा सव्वाशेपटीहून अधिक पातळ करायचा. माझे मार्गदर्शक सर मागून येऊन वहीत डोकावले.

“बर्लिनचा आकडा शेजारी लिही,” म्हणाले.

लिहिला. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीचं नॅनोथर्म हे मेंदूच्या गाठींसाठी युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळालेलं द्रावण. कवटीला छिद्र पाडून द्रव थेट गाठीत सोडायचा आणि १०० किलोहर्ट्‌झच्या क्षेत्रात तापवायचं. २०११ मध्ये ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, सोबत रेडिएशनही दिलेलं होतं. गुणाकार काढलात तर त्यांचं यंत्र १५० कोटींच्या आसपास राहतं, माझ्या सकाळच्या दोन्ही आकड्यांच्या खाली. मग तापवलं कसं? द्रवात लोखंडच मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. क्षेत्र वाढवता येत नाही म्हणून माल वाढवला.

११२ मिलिग्रॅम आणि २८ मायक्रोग्रॅम. चार हजार पटींचा फरक. “एकाच कणाकडून निदान आणि उपचार” या वाक्यात हा चार हजारांचा आकडा कुठे बसतो ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

रात्री ९.३०

डायग्नोस्टिक सेंटरचे रुग्ण संपले की आम्हाला तासभर यंत्र मिळतं. १.५ टेस्ला. घड्याळ, पिन, मोबाइल बाहेर. तंत्रज्ञ दादा नळ्यांचा डबा हातात घेऊन शंकेने उभा.

“यात लोखंड आहे म्हणता, मॅडम. आत ओढून घेईल की.”

“तुमच्या स्वतःच्या रक्तात मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोखंड आहे, दादा. या नळ्यांत त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास.” हे उत्तर पूर्ण प्रामाणिक नाही, रक्तातलं लोखंड हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं आणि चुंबकाला तसं ओढलं जात नाही. पण नळ्या बंद आहेत आणि अगारच्या जेलीत घट्ट बसवल्यात, तेही सांगितलं, तेव्हा डबा आत गेला.

पडद्यावर सहा वर्तुळं उमटली. नुसत्या जेलीचं पांढरं, पुढची करडी, शेवटची जवळजवळ काळी. पाण्यातले प्रोटॉन कणाजवळून जाताना ताल चुकतात आणि त्यांचा संकेत लवकर विझतो. तो विझण्याचा वेळ म्हणजे टी-टू. उलट्या टी-टूचा आलेख लोखंडाच्या प्रमाणापुढे काढला तर सरळ रेषा येते, आणि तिचा चढ ही कणाची एमआरआयमधली लायकी. आजची रेषा सरळ आली.

याच गुणावर लोखंडी कणांची औषधं बाजारात आली होती. यकृतातल्या कुप्फर पेशी कण गिळतात, निरोगी यकृत काळं पडतं, गाठीत त्या पेशी नसल्याने ती पांढरी उठून दिसते. फेरिडेक्सला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली आणि २००८ च्या सुमारास कंपनीनेच उत्पादन थांबवलं. डॉक्टरांना काळ्यावर काळं शोधण्यापेक्षा गॅडोलिनियम या दुसऱ्या धातूच्या औषधाचं उजळ चित्र वाचणं सोपं वाटतं, यात त्यांचा दोष नाही. पण गॅडोलिनियमची काही औषधं मूत्रपिंड निकामी झालेल्यांना बाधतात हे २००६ पासून लक्षात आलं, आणि रक्तक्षयासाठी २००९ मध्ये मान्यता मिळालेलं फेरुमॉक्सिटॉल हे लोखंडी औषध काही ठिकाणी एमआरआयला वापरलं जाऊ लागलं. त्यालाही तीव्र ॲलर्जीचा इशारा जोडावा लागला. फुकट काही मिळत नाही.

“दादा, अजून एक नळी.”

सकाळच्या ताकदीची नळी एकटी वेगळ्या जेलीत बसवून आणली होती. चित्र आलं आणि दादा खुर्चीत पुढे सरकला. नळी दिसतच नव्हती. नळीच्या कितीतरी पट मोठं काळं भोक, कडेला पांढरी फाटकी झालर, डब्याची सरळ भिंत वाकलेली.

“यंत्र खराब झालं का?”

“नाही. हे कण आहेत.”

आणि हे मिलिलिटरला ३.६ मिलिग्रॅम लोखंडाचं भोक. बर्लिनच्या रुग्णांच्या डोक्यात ११२ मिलिग्रॅमचा द्रव होता. त्या भागाचा एमआरआय नंतर वाचता येत नाही, गाठ वाढतेय की आटतेय हे दुसऱ्या मार्गाने बघावं लागतं. म्हणजे जो कण चांगला तापतो तोच स्वतःचं चित्र पुसतो. ती कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याची कारणं एवढीच नसतील, पण हे काळं भोक त्यांच्याही मार्गात होतं.

यातून वाट आहे. ग्लाइख आणि वाइझेनेकर यांनी २००५ मध्ये दाखवलेल्या मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंगमध्ये पाण्याकडे बघत नाहीत, थेट कणांचाच संकेत ऐकतात. जिथे कण जास्त तिथे चित्र उजळ. दुसरी वाट चिकलठाण्याच्या काकांची: कण बदला. मँगनीज-जस्ताचं फेराइट, आकारावर घट्ट ताबा, कमी क्षेत्रात जास्त उष्णता, म्हणजे माल कमी लागेल आणि चार हजारांचा आकडा खाली येईल. माझा प्रबंध या दुसऱ्या वाटेवर आहे.

११.१५

खोलीवर येऊन आकडे संगणकात भरले. सकाळच्या दोन्ही आलेखांपैकी निबंधात ३५० कोटीवालाच जाईल. सरांना तसा मेसेज केला. “बरोबर” असं उत्तर आलं.

वाचकाला एक विनंती. “नॅनो” असं नाव लावून कर्करोगावरचा तापवण्याचा उपचार कुणी देऊ केला, तर पैसे काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक, आणि नैतिकता समितीचं मंजुरीपत्र. २००९ पासून भारतात माणसांवरच्या औषधचाचणीची ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर मोफत तपासता येते. क्रमांक नसेल तर तिथून उठा.